जुनी फायबरची बोट घेऊन राहिलो, आतून सडली असंन तर ओळखायचं कसं?

बॅकवॉटर_पवनी

नमस्कार मंडळी. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरवर गाव हाये आमचं, पवनी तालुका. चारपाच घरं मिळून मासेमारी करतो. आतापर्यंत लाकडी डोंग्यावरच भागलं पण धरणाचं पाणी एवढं पसरलं की जाळे पाहाले लई दूर जावं लागते अन् वारा सुटला की डोंग्यात जीव मुठीत धरून बसा लागते. म्हणून सगळ्यांनी पैसे टाकून एक जुनी फायबर बोट घ्यायचा विचार चालू हाये.

बोट सोळा फुटी, उघडी, मागं इंजिन लावाची जागा, मधात दोन बाकडे अन् खाली चालाले सपाट फ्लोअर टाकलेला. आधी एका तलावावर बोटिंगले चालत होती, ते बंद पडलं मंग मालकानं शेतात आंब्याखाली ठेवून देली. सरळ ठेवली, उलटी नाही, त्याच्यानं दर पावसाळ्यात पाणी अन् पालापाचोळा आत साचत होता हे मी सोता पाह्यलं हाये. २०२० च्या ऑगस्टमधी वैनगंगेले पूर आला तवा लोकं काढाले हीच बोट फिरली असं गावातले सांगतात, म्हणजे भितीले, कंपाऊंडच्या खांबाले कुठं ना कुठं धडकली असनच.

आता मालकानं वरून निळा पेंट मारला, चकाचक दिसते. म्हणते फायबरले काय सडते, लाकूड थोडीच हाये. पण मले दोन गोष्टी खटकल्या. मागच्या फळीवर जिथं इंजिन बसते तिथल्या खालच्या दोन बोल्टापासून तपकिरी ओघळ आलेला हाये, पेंटच्या वरून, म्हणजे पेंट मारल्यावरही काहीतरी झिरपून राहिलं. अन् मागच्या बाकड्याजवळ पाय ठेवला की फ्लोअर जरासा दबते.

इकडं बोट तपासणारा कोणी मिळत नाही, मुंबईवरून माणूस बोलवणं आपल्याले परवडत नाही. तर बोट न फोडता आपल्याले काय काय पाहता येते, अन् कोणती गोष्ट दिसली तर घ्यायचीच नाही, हे जाणकारांनी सांगजा. इंजिन २५ हॉर्सपॉवरचं लावाचं हाये, अन् बोटीत आमचेच पोरं बसणार हायेत म्हणून विचारून राहिलो.

फायबरवाला_उमरेड

भाऊ, मालक अर्धंच खरं सांगून राहिला. काचेचं कापड अन् ते चिकटवून कडक करणारं पॉलिस्टर रेझिन सडत नाही हे बरोबर, पण तुमची बोट निव्वळ त्याचीच नाही. जुन्या बोटीत मागची फळी म्हणजे ट्रान्सम, त्यात बहुतेक प्लायवूड भरलेलं असते. तळाशी लांबीनं जे दांडे जातात, स्ट्रिंगर म्हणतात, त्यात लाकूड नाहीतर फोम. फ्लोअर तर प्लायचाच, वरून एकदोन थर फायबर मारलेला. हे लाकूड सगळीकडून बंद असते, म्हणून एकदा पाणी घुसलं की निघाले रस्ता नाही अन् बाहेरून पाहणाऱ्याले काही दिसत नाही.

मी आधी कोकणात बोटीच्या यार्डात काम केलं, आता इकडं टाक्या, दरवाजे अन् तलावावरच्या बोटींचं काम करतो. ज्या सडलेल्या बोटी उघडल्या त्यात पाणी जवळपास नेहमी माणसानं पाडलेल्या भोकातूनच गेलेलं होतं. इंजिनचे बोल्ट, ड्रेन प्लग म्हणजे पाणी सोडाचं बुच, कडीचे स्क्रू, सीटचे पाय. कोणीतरी ड्रिल मारलं, स्क्रू टाकला, अन् भोकाच्या आतली लाकडाची कड रेझिननं बंद केलीच नाही. म्हणून तिथं गेले की पेंट पाहत बसू नका, भोकं पाहा. एकेक भोक, बोट फिरवून.

अन् तुमच्या बोटीची सगळ्यात मोठी वाईट गोष्ट तुम्हीच लिहिली, ती सरळ ठेवलेली होती. लोकांले वाटते बोट पाण्यात राहिली की सडते. लाकूड सडवते ती बुरशी, अन् तिले ओल, हवा अन् गरमी तिन्ही लागते. पूर्ण बुडालेल्या लाकडाले हवा मिळत नाही म्हणून ते लवकर सडत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही ही बुरशी कमी वाढते. पण पावसाचं गोडं पाणी आत साचलं, ते फ्लोअरखाली मुरलं, वर आपल्या विदर्भातली गरमी, हे बुरशीले पाहिजे तसंच झालं. त्यामुळे दहा वर्षं समुद्रात चाललेल्या बोटीपेक्षा चार पावसाळे आंब्याखाली उघडी पडलेली बोट जास्त सडलेली निघू शकते.

आता तपासायचं कसं ते सांगतो. जाताना सोबत लहान प्लास्टिक मुठीचा पेचकस, टॉर्च, पेन्सिल अन् बोल्ट खोलाचे पाने घेऊन जा.

आधी ट्रान्सम. सगळ्यात जास्त वेळ तिथंच द्या कारण इंजिनचं सगळं वजन अन् सगळा जोर त्या एका फळीवर येते. पंचवीसचं इंजिन पन्नास किलोच्या वरच भरते, अन् तुम्ही रेस देली की ते बोटीले ढकलत नाही, ट्रान्समले ढकलते. इंजिन लावलेलं असंन तर ते वर टिल्ट करा, खालच्या पंख्याजवळच्या भागाले धरून वरखाली दाबा अन् दुसऱ्या माणसानं ट्रान्समवर नजर ठेवावी. फळी हलताना दिसली, कोपऱ्यातल्या भेगा उघडझाप करू लागल्या, तर आत लाकूड उरलं नाही समजा. इंजिन नसंन तर चार फुटी मजबूत बल्ली शिकंजानं ट्रान्समवर आवळा अन् टोकाले दाबून पाहा, तेच समजते. मंग लोखंडी पट्टी किंवा सरळ फळी आडवी लावून पाहा, ट्रान्सम बाहेरून फुगली काय. प्लाय ओला झाला की थर सुटून फुगते.

ते तपकिरी ओघळवाले बोल्ट, त्यातला सगळ्यात खालचा मालकाच्या समोर काढा. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच हाये. वॉशर फायबरमधी रुतून बसला असंन तर आतलं लाकूड मऊ होऊन दबलं हाये. बोल्ट काढल्यावर पाणी टपकलं, काळसर चिखलासारखं काही निघालं, कुबट वास आला, तर ट्रान्सम गेली. भोकात टॉर्च मारा अन् सायकलच्या चाकाची तार आडवी टोचून पाहा. चांगल्या प्लायमधी तार घुसत नाही.

मंग ठोकून पाहा. पेचकसाच्या मुठीनं हलक्या हातानं, दर दोन बोटं अंतरावर. आधी जिथं नक्की चांगली हाये अशा जागी, बाजूच्या भिंतीच्या वरच्या भागात वाजवा म्हणजे कानाले चांगला आवाज माहीत होईन. बाजारात मडकं घेताना वाजवून पाहतो तसंच हे, चांगलं असंन तर खणखणीत, खराब असंन तर भद्द. भद्द आवाज आला तिथं पेन्सिलनं खूण करत चला, शेवटी सगळ्या खुणा जोडल्या की सडलेल्या भागाचा नकाशाच तयार होते. फक्त एक ध्यानात ठेवा, आवाज बदलला म्हणजे सडलंच असं नाही. मागं फोम भरला असंन, आडवी भिंत असंन किंवा फायबर जाड असंन तरी आवाज बदलते. त्यामुळे डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी जुळवून पाहा, बोट दोन्हीकडं सारखी बांधलेली असते.

आधी एवढं करा अन् इथं लिहा. पेंट अन् भेगांबद्दल नंतर सांगतो.

तुमसरचा_पोट्टा

भाऊ एवढं कायले डोकं खपवता, वरून फायबरचे दोन थर मारून घ्या ना. आमच्याकडं पाण्याची टाकी फुटली होती तवा तसंच केलं, चालून राहिली अजून.

फायबरवाला_उमरेड

भाऊ टाकीत लाकूड नसते, म्हणून चालली. बोटीत वरून थर मारला तर ओल आतच बंद होते अन् सडणं चालूच राहते, फक्त आता दिसणं बंद झालं. अन् ओल्या जागेवर किंवा पेंटवर रेझिन धरतच नाही, वर्षाभरात पापडी सुटते. हे करू नका, खरंच. पाण्याच्या मधात ट्रान्सम सुटली तर इंजिन बुडते अन् त्याच भगदाडातून पाणी आत येते.

सागवान_बल्लारशा

मी बोटवाला नाही, लाकडाच्या धंद्यातला. बल्लारशा डेपोतून आलापल्लीचं सागवान घेणं विकणं हाच घरचा व्यवसाय, त्यामुळे बोटीपेक्षा लाकडाच्या ओलीबद्दल सांगू शकतो.

लाकडाची ओल मोजायचं मीटर मिळतं, दोन टाचण्यांवालं स्वस्तात येतं, पण त्या टाचण्या फायबरच्या आत जात नाहीत म्हणून वरून लावून काही कळणार नाही. बिनटाचणीचं मीटर वरून ठेवून वाचता येतं पण त्याचा आकडा टक्के म्हणून धरू नका. ते बनवलंय लाकडासाठी, मध्ये फायबर आलं की आकडा फक्त तुलनेला कामाचा. बाजूच्या कोरड्या भिंतीवर किती दाखवतं अन् ट्रान्समवर किती, हा फरक बघायचा. मागं लोखंडी पट्टी असेल, डिझेल पेट्रोलची टाकी असेल किंवा पेंटमध्ये धातूची पूड असेल तर मीटर उगाच वर जातं. अन् सकाळी दव पडलेलं असताना किंवा पाऊस येऊन गेल्यावर मोजण्यात अर्थ नाही, बोट चांगली आठ दिवस कोरड्यात उभी असली पाहिजे.

चांगलं वाळलेलं लाकूड साधारण १२ टक्क्यांच्या आसपास असतं. २० च्या खाली बुरशी सहसा धरत नाही. २८-३० च्या वर गेलं की लाकडाचे तंतू पाण्यानं पूर्ण भरले, तिथून सडणं जोरात चालतं. पण ओलं म्हणजे सडलेलं नव्हे, हे दोन वेगळे. ओलं लाकूड कडक असेल तर वाळवून वाचू शकतं, सडलेलं वाळवलं तर फक्त कोरडा भुसा मिळतो. म्हणून शेवटचा निकाल मीटर देत नाही, ड्रिल देतं.

मालकाची परवानगी घेऊन चार मिलिमीटरच्या बिटनं आतल्या बाजूनं भोक मारा, बाहेरून नाही. ट्रान्सम साधारण दीड ते दोन इंच जाड असते, बिटला इंचभरावर टेप गुंडाळा म्हणजे आरपार जाणार नाही. जागा निवडायची ती सगळ्यात खालची, मधोमध, ड्रेन प्लगच्या शेजारी, कारण पाणी उतरून तिथंच जमा होतं. वर मारलेलं भोक नेहमी चांगलंच निघतं, विकणारा तिथंच मारायला सांगेल. भुसा हातावर घ्या. फिकट, कोरडा, करकरीत असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, बोटात दाबला तर गोळा होणारा असेल, बिट लोण्यातून गेल्यासारखं सरकलं, तर सडलं. झाल्यावर इपॉक्सी पुट्टीनं भोक लगेच बंद करून द्या, नाहीतर आपणच पाण्याला नवा रस्ता करून देतो.

अजून एक. बोट जमिनीवर टेकून होती का विटांवर? आपल्या भागात जमिनीला टेकलेल्या प्लायला वाळवी सोडत नाही. ड्रेनच्या भोकाजवळ मातीची नळी दिसते का बघा.

इटियाडोह_काका

पोरा, हे सगळं बरोबर सांगून राह्यले, पण तू बोट काट्यावर चढवली काय? तुयाकडं धानाचा पट्टा हाये, राईस मिलच्या धर्मकाट्यावर ट्रॅक्टर ट्रॉलीत टाकून ने, आधी भरली ट्रॉली मोज मंग रिकामी मोज. बोटीचं मूळ वजन कागदावर असंन नाहीतर तशाच बोटीवाल्याले विचार. बाकड्याच्या खाली अन् फ्लोअरखाली जो फोम भरला राह्यते तो बोट उलटली, पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून राह्यते. तो फोम नवा असताना पाणी पेत नाही पण वर्षानुवर्षं ओलीत राह्यला की पेते अन् सोडत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, अशी बोट शंभर-दीडशे किलो सहज जास्त भरते. ते वजन तू इंजिनच्या पेट्रोलनं ओढत फिरशीन, अन् ज्या दिवशी बोट पाण्यानं भरली त्या दिवशी तो फोम तुले तारणार नाही. ट्रान्सम दिसते म्हणून सगळे पाहतात, फोम कोणीच पाहत नाही. बाकड्याच्या बाजूनं एक बोटभर भोक पाडून फोमचा तुकडा काढ अन् पिळ. पाणी निघालं त समजलं.

दुसरं, घ्यायच्या आधी पाण्यात टाकून पाहाच. मालकाले सांग टाक. तासदोनतास उभी ठेव, कोणी बसू नका. मंग दुरून पाह्य, एका बाजूनं कलली काय, मागून खाली बसली काय. रिकामी बोट कलते म्हणजे एका बाजूच्या फोममधी पाणी हाये. मंग दोघंतिघं बसून बोट जागच्या जागी डावीउजवीकडं हालवा, फ्लोअर अन् भिंत जिथं जुळते तिथं कान दे. कटकट आवाज आला म्हणजे जोड सुटला. वर काढल्यावर प्लग खोल अन् किती पाणी निघते ते पाह्य, अन् निघणं कितीक वेळ चालू राह्यते तेही पाह्य. स्वच्छ पाणी आलं त आत्ताचं, चहासारखं लाल पाणी थेंबथेंब सांजपर्यंत येतच राह्यलं त ते लाकडातलं जुनं पाणी.

अन् लाइफ जॅकेट घालूनच बसजा बरं. इकडच्या धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट हायेत, तुयाकडं त गावंच्या गावं बुडाले, खाली भिती उभ्या असतीन. नवी बोट असो का जुनी, वरून दिसत नाही.

बॅकवॉटर_पवनी

सगळ्यांचे लई आभार. काल तिघं जण गेलो होतो. सागवानभाऊ, बोट विटांवर होती पण मागून एक वीट खचलेली, मागचा कोपरा मातीत. वाळवीची नळी दिसली नाही.

ट्रान्समचा खालचा बोल्ट काढला. मालक आधी तयार नव्हता, मंग काढू देला. पाणी टपकलं नाही पण वॉशर रुतलेला होता अन् कुबट वास आला. वाजवून पाह्यलं त खालचा मधला भाग, अंदाजे दीड हात रुंद, भद्द वाजते. वरचा भाग अन् दोन्ही कोपरे खणखणीत. ड्रिल मारलं, खाली काळा ओला भुसा, वरच्या भोकात फिकट कोरडा. फ्लोअर मागच्या बाकड्याजवळ सडला हे नक्की, पेचकस आरपार गेला. स्ट्रिंगर ठोकून पाह्यले, मले तरी आवाज सारखाच वाटला, पण मागच्या टोकाले फ्लोअरच्या खाली हात जात नाही.

बाहेरून पेंटमधून बारीक भेगा दिसतात. समोर डाव्या बाजूले एका जागून चारीकडं फाकलेल्या, अन् ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यात लांब एकासारख्या एक. तळाशी बोटाच्या नखाएवढे फुगवटे हायेत पाचसहा. हे फुगवटे किती धोक्याचे? नेटवर एकानं त बोट फेकून द्या असंच लिहिलं.

वजन अजून केलं नाही. आता सांगजा, सोडून देऊ का दुरुस्त होईन?

फायबरवाला_उमरेड

व्यवस्थित तपासली तुम्ही. एकेक घेतो.

फुगवटे पाहून घाबरू नका. वरचा जो रंगीत थर असते, जेलकोट, त्यातून पाणी हळूहळू आत झिरपते, अर्धवट सेट झालेल्या रेझिनमधल्या रसायनात मिसळते अन् फुगवटा धरते. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा जास्त होते. एक फुगवटा टोचून पाहा, पण डोळ्याले चष्मा लावून, आतलं पाणी दाबाखाली असते अन् आम्लट असते, व्हिनेगरसारखा वास येते. पाचसहा लहान फुगवटे घासून, वाळवून, इपॉक्सीनं भरता येतात, त्याच्यासाठी बोट सोडाची गरज नाही. मात्र बोट लई दिवस कोरडी पडली की फुगवटे बसून जातात अन् वरून तुमच्या मालकानं पेंट मारला, त्यामुळे दिसले त्यापेक्षा जास्त असू शकतात. पाण्यात टाकल्यावर परत पाहा.

समोरच्या फाकलेल्या भेगा म्हणजे धडक बसली हाये, पुराच्या वेळची असंन. त्या जागी आतून पाहा, आतल्या फायबरवर पांढुरका डाग दिसला तर थर आतून फाटले. नुसता जेलकोट तडकला असंन तर काम लहान हाये. ट्रान्समच्या कोपऱ्यातल्या एकासारख्या एक भेगा मात्र धडकेच्या नाहीत, त्या वाकण्याच्या हायेत. ट्रान्सम मऊ झाली, इंजिनच्या जोरानं मागंपुढं वाकली, कोपरे तडकले. तुमच्या वॉशरनं अन् भुशानं तेच सांगितलं.

तर माझं मत असं. ट्रान्सम पूर्ण बदलावी लागते. खालचाच भाग सडला म्हणून तेवढाच तुकडा काढून चालत नाही, जोर सगळ्या फळीवर वाटला गेला पाहिजे. फ्लोअर मागून अर्धा तर काढावाच लागते, अन् तो काढला की स्ट्रिंगर अन् फोम दोन्ही डोळ्यांनी दिसते. म्हणजे खरा निकाल फ्लोअर उघडल्यावरच लागणार हाये, अन् तुम्हाले किंमत ठरवाची हाये त्याच्या आधी. म्हणून मालकाले आत्ताच म्हणा, बाकड्याजवळचा जो फ्लोअर सडलाच हाये तो एक फूटभर कापू दे. सडलेलाच कापतो, त्याचं काही नुकसान नाही. तिथून टॉर्च टाकून स्ट्रिंगरच्या मागच्या टोकाले पेचकस टोचा. स्ट्रिंगर कडक असतीन तर बोट घ्या, ट्रान्सम अन् फ्लोअरचा खर्च किमतीतून कमी करून. स्ट्रिंगरही तळापासून सुटले किंवा मऊ निघाले तर फुकट देली तरी घेऊ नका. मंग बोटीचा आकार धरून ठेवणारं काहीच उरलं नाही, ते काम नव्या बोटीच्या खर्चात जाते. फक्त स्ट्रिंगरमधी फोम निघाला अन् तो ओला असला तर लगेच नापास करू नका. फोमवाल्या स्ट्रिंगरमधी ताकद वरच्या जाड फायबरची असते, आतला फोम फक्त साचा असते. लाकूडवाल्यात फायबर पातळ असते, ताकद लाकडाची.

बॅकवॉटर_पवनी

समजलं भाऊ. ट्रान्सम आम्ही इथंच करू शकतो काय? गावात सुतार चांगला हाये, अन् एक पोरगा नागपूरले फायबरच्या दुकानात होता.

फायबरवाला_उमरेड

करू शकता, घाई न करता. पहिले बोट सपाट जागी नीट आधार देऊन उभी करा, दोन्ही भिंतींमधी आडवी बल्ली ठोका, नाहीतर ट्रान्सम काढली की बाजू फाकतात अन् मंग नवी फळी बसत नाही. बाहेरचं फायबर ठेवा, आतून कापा. सडका प्लाय पूर्ण खरवडून काढा अन् मंग वाळू द्या. एप्रिल-मे मधी आपलं ऊन फुकटचा ड्रायर हाये, त्याचा फायदा घ्या, पण सगळं काम मृगाच्या आत संपवा. दमट हवेत अन् ओल्या लाकडावर रेझिन नीट धरत नाही.

प्लाय घेताना शिक्का पाहा, आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लायच पाहिजे. आयएस ३०३ चा घरच्या फर्निचरचा असते, दुकानदार तोही वॉटरप्रूफ म्हणून देते. अठरा मिलिमीटरचे दोन थर एकमेकांवर रेझिननं चिकटवा, सगळ्या कडा रेझिन पाजून बंद करा. वरून मॅट अन् रोविंग म्हणजे काचेच्या कापडाचे थर, अन् ते नुसते फळीवर नाही, बाजूच्या भिंतीवर अन् तळावर पाचसहा इंच चढले पाहिजेत. कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, रेझिनची घट्ट पुट्टी भरून गोलाई करा, काटकोनात कापड उचलते अन् खाली हवा राहते. जुनं फायबर जिथं जोडाचं तिथं पेंट पूर्ण घासून काचेचं कापड दिसेपर्यंत जा. इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन, पॉलिस्टरवर इपॉक्सी चालते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून एकदा ठरवा कोणतं वापराचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या पोराले नक्की माहीत असंन तरी सांगतो. पॉलिस्टर रेझिन सेट कराले जे दोन द्रव टाकतात, हार्डनर अन् कोबाल्ट, ते कधीच एकमेकांत सरळ मिसळू नका, भडका उडते. कोबाल्ट आधी रेझिनमधी पूर्ण ढवळाचं, हार्डनर त्याच्यानंतर. शक्य असंन तर कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन घ्या म्हणजे ही कटकटच नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकते, चष्मा घालूनच ओता, अन् बाजूले पाण्याची बादली ठेवा. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, मे महिन्यात एक टक्क्याच्या आसपासच, नाहीतर डब्यातच गोळा होऊन धूर निघते. थोडं थोडं मिसळा अन् सकाळी ऊन तापाच्या आधी काम करा. घासताना तोंडाले चांगला मास्क, अंगभर कपडे. काचेची भुकटी छातीत जाते.

इटियाडोह_काका

अन् बोल्ट परत टाकताना जुन्याच भोकात तसेच टाकू नको पोरा, नाहीतर चार वर्षांनी इथंच येऊन विचारशीन.

फायबरवाला_उमरेड

हो काका, ते राहिलंच. नव्या ट्रान्सममधी बोल्टाचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सी भरून सेट होऊ द्या, मंग त्या इपॉक्सीच्या मधात बोल्टाच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाले लागतच नाही. ड्रेन प्लगलेही तसंच. अन् आतून वॉशरच्या जागी पूर्ण पट्टी लावा, स्टेनलेसची.

बॅकवॉटर_पवनी

मालकाशी बोललो. फूटभर फ्लोअर कापू द्याले तयार झाला, पण म्हणते सौदा नाही झाला तर प्लायचा तुकडा लावून द्या, ते कबूल केलं. सोमवारी कापतो अन् त्याच दिवशी मिलच्या काट्यावर नेतो. स्ट्रिंगरमधी लाकूड निघालं का फोम, अन् वजन किती भरलं, ते इथंच फोटोसकट टाकतो. किमतीचं त्याच्यानंतरच बोलणार.